औरंगजेबाला दमवलं कोणी: संताजी-धनाजींच्या छाप्यांनी की गडांनी?

धागा

1689 नंतरच्या लढ्याचं श्रेय सरसकट गनिमी काव्याला दिलं जातं, ते मला पटत नाही. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला गेले. त्या एका किल्ल्याने मोगल सेनापती झुल्फिकारखानाला 1698 पर्यंत अडकवून ठेवलं. मग म्हातारा बादशहा स्वतः सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, तोरणा घेत हिंडला. खजिना आणि माणसं त्या डोंगरांच्या पायथ्याशी संपली. छापे निर्णायक असते तर 1665 मध्ये मिर्झाराजांनी मुलूख जाळत पुरंदर वेढल्यावर 23 किल्ले का द्यावे लागले?

प्रतिसाद १

पण वेढा लांबतो कशामुळे? तटबंदी कितीही भक्कम असली तरी आतलं धान्य संपतंच. 1692 च्या अखेरीस संताजी-धनाजी कर्नाटकात (तेव्हा जिंजीकडचा मुलूखही यातच धरत) उतरले, मोगलांचे दोन सरदार जिवंत धरले आणि जिंजी वेढणारा खानच कोंडला गेला. त्याला वेढा उठवून वांदिवाशला जावं लागलं. 1695 मध्ये दोड्डेरीच्या गढीत मोगल सरदार कासीमखानाची तीच गत. दाणापाणी तुटलं, खान तिथेच मेला, बाकीच्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवला. हे कुठल्या बुरुजाने केलं?

प्रतिसाद २

दोड्डेरीला मूठभर स्वारांचा छापा समजू नका. संताजींकडे हजारोंची फौज होती, बंदूकधारी प्यादेही होते. पुढच्याच वर्षी मोगल सरदार हिंमतखान गोळी लागूनच पडला. आपण संताजींना फक्त रात्री येऊन पळणारा सरदार करून ठेवलंय, हा त्यांच्यावर अन्याय आहे. शत्रूच्या हालचालीची खबर काढून, त्याला पाण्यापासून तोडून, हव्या त्या जागी गाठणारा तो सेनापती होता.

धागालेखक

हे मान्य. तरी स्वार दमल्यावर, जखमी झाल्यावर टेकणार कुठे? दारूगोळा, धान्य, कुटुंबं गडावरच होती.

प्रतिसाद १

त्यातले बरेच गड किल्लेदारांनी पैसे घेऊन सोडले आणि बादशहाची पाठ वळताच परत घेतले! गड हातचे जात होते तेव्हाही लढाई थांबली नाही, कारण मोकळ्या मुलखात स्वार होते.

प्रतिसाद ३

दोन्ही बाजूंनी रयत कुठेच दिसत नाही. रसद तोडायची म्हणजे गावचं पीक जाळायचं, वैरण उचलायची. मोगलही तेच करत होते. 1702 ते 1704 चा दुष्काळ आणि साथी याच उजाड मुलखावर आल्या. फौजा कोणाच्या धान्यावर जगल्या, हे मोजल्याशिवाय मी कोणालाच श्रेय देणार नाही.