दोन रील ऐकून आलेल्यांची ‘गर्दी’?

उधन्याची भाची: काल इथे कुणी लिहिलं, “दोन रील ऐकून खान्देशच्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांचे चाहते झालेल्यांनी गर्दी करू नये.” फार लागलं. माझा जन्म सुरतेचा. घरात अहिराणी बोलणारी एकटी आजी. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याचे रोट दर वर्षी होतात, पण गाणी येणाऱ्या बायका गेल्या. मागच्या श्रावणात आजीची आठवेल तेवढी एक ओळ इथे टाकून विचारलं, पुढे काय? अमळनेरच्या एका मावशींनी सगळं गाणं म्हणून पाठवलं, मध्येच कुकरची शिट्टी. ते लावून आम्ही चौघी पहाटेपर्यंत गायलो. मी गर्दी का?

साक्रीकर: ते मीच लिहिलं. ताई, राग तुमच्यावर नाही. लग्नात कीबोर्डवर वाजतं त्याला पोरं पावरी म्हणतात! पावरी वाळल्या भोपळ्याची न् बांबूच्या नळ्यांची. डोंगऱ्या देवाच्या, आदिवासींच्या उत्सवात आमच्या शेजारचे बाबा रात्र रात्र फुंकतात, गाल दुखून येतात. त्यांच्या ओट्यावर एक तरी चाहता आला का?

तापीपार: मी नवाच आहे. बहिणाबाईंची अहिराणी गाणी ऐकून इकडे वळलो.

यावलची लेक: बहिणाबाई अहिराणी नाहीत! जळगावजवळच्या असोद्याच्या त्या, बोली लेवा. त्या ‘माझी’ म्हणतात, अहिराणीत ‘मनी’ होतं. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं, अजून हेच ऐकायचं?

धुळ्याचा भाऊ: ताई, सगळं खान्देशच ना? कशाला फोडता?

यावलची लेक: फोडत नाही, भाऊ. शाळेत माझ्या बोलण्याला वर्ग हसायचा. बाई म्हणायच्या, शुद्ध बोल. आता तीच बोली तुम्ही अहिराणीच्या नावावर लावता. तुमचं नाव तरी राहतं, आमचं पुसलं जातं.

धुळ्याचा भाऊ: अहिराणीलाही गावंढळच म्हणायचे. तुम्हा एकट्यांना नाही सोसावं लागलं.

तापीपार: माझं चुकलं. पण ‘मनी’ आणि ‘माझी’ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. असं अंगावर आलात तर पुढच्या वेळी विचारणार नाही, चुकीचंच धरून बसेन.

यावलची लेक: बरं. विचारा. पण लेवा म्हणा.

साक्रीकर: ‘गर्दी’ शब्द मागे घेतो. बाकी म्हणणं तेच. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला या, पावरी समोर बसून ऐका.

उधन्याची भाची: येते. बाबांचं वाजवणं मोबाईलवर घेऊ देतील?

साक्रीकर: त्यांनाच विचारा. आणि देवाचं चालू असताना मोबाईल पिशवीत.