लूप जोडून केलेलं गाणं 'स्वतःचं' असतं का?

रात्रीचा_मिक्सर:
पुण्यात शिकतो, सेकंड इयर. कॉलेजच्या एकांकिकेचं संगीत माझ्याकडे होतं, तीन गाणी आणि पार्श्वसंगीत. जवळजवळ सगळं हॉस्टेलच्या खोलीत, लूप म्हणजे आधीच वाजवून ठेवलेले तयार तुकडे जोडून, लॅपटॉप आणि दोन ऑक्टेव्हचा मिडी कीबोर्ड एवढ्यावर. एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरची ट्रायल होती, ज्यांनी वापरलीय त्यांना माहितीये, त्यात सेव्ह होतं पण एकदा बंद केलं की तो प्रोजेक्ट परत उघडत नाही. त्यामुळे चार दिवस लॅपटॉप बंदच केला नाही, मेसला जातानाही चार्जरला लावून, झाकण उघडं ठेवून, वर चिठ्ठी चिकटवून जायचो 'हात लावशील तर मार खाशील'.

प्रयोग झाल्यावर एक परीक्षक म्हणाले, गाणं कानाला छान लागतं पण हे शिवणकाम झालं, ठेका तयार, गिटार तयार, बासरी तयार, यात तुझं काय? सगळ्यांसमोर बोलले.

माझं म्हणणं असं की शब्द माझे, चाल माझी, कुठला तुकडा कुठे बसवायचा हा कानही माझा. रिहानाच्या 'अंब्रेला'चा (२००७) ड्रम्सचा ठेका गॅरेजबँड या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार लूपवरच आहे, ते जगभर वाजलं. मग मलाच का बोलणी?

पेटीमास्तर:
परीक्षकांनी चारचौघात बोलायला नको होतं, पण मुद्दा बरोबर आहे त्यांचा. तीसेक वर्षं पेटी शिकवतोय. हल्ली मुलं येतात, मोबाईलवर स्वतःचं गाणं ऐकवतात, चार कॉर्ड गोल गोल फिरतात आणि चालही त्यांच्या शेपटीला धरून गोल गोल. लूप विकत घेतला की फुकट आणला हा प्रश्नच नाही, आधी लूप आणि मग चाल असं झालं की चालीचा मालक लूप होतो. तुला वाटतं मी बांधली.

नाटकवेडी:
काका, मग संगीत नाटकांचं काय करायचं? जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल –' असं लिहून आधीच्या कुठल्यातरी पदाचं नाहीतर चिजेचं नाव सरळ छापलेलं असायचं, कोणी लपवत नव्हतं. 'स्वयंवर' (१९१६) मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवरून पदं बांधली, आणि तीच आज आपण डोक्यावर घेतो. तयार माल घेऊन त्यात आपले शब्द बसवणं ही आपलीच जुनी खोड आहे, लॅपटॉप आल्यावर ती अचानक पाप कशी झाली??

पेटीमास्तर:
ताई, मुद्दा चांगला काढलात, पण अर्धाच. बंदिश घेतली तरी ती नटाच्या गळ्यावर चढवावी लागायची, शब्दांच्या वजनाप्रमाणे समेची जागा नीट बसवावी लागायची, एक ओळ जास्त असेल तर चाल वाढवावी लागायची. आणि घेणारे बखलेबुवा होते हो, आयुष्यभर तालीम केलेला माणूस, कुठली बंदिश कुठल्या प्रसंगाला हे त्यांना कळायचं. इथे फोल्डर उघडायचं, जो तुकडा आवडेल तो ओढून टाकायचा.

कोल्हापुरी_कान:
अजय-अतुल कुठल्या गुरूकडे बसले होते ओ? ज्याला येतंय त्याला येतंय, काय उगाच परीक्षा घेत बसता पोराची

पेटीमास्तर:
'सैराट'चं (२०१६) रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून झालं. तिथल्या व्हायोलिनवाल्यांना 'जरा असं वाजवा' सांगून भागत नाही, प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा कागद लागतो. शाळेत गेले नसतील, शिकले मात्र नक्की.

काचेपलीकडचा:
मी स्टुडिओत मिक्सिंग करतो. कला वगैरे तुम्ही ठरवा, मी व्यवहाराचं सांगतो. लूपच्या लायसन्सनं वापरायची परवानगी मिळते, मालकी नाही मिळत, तोच तुकडा जगात हजारो लोकांकडे असतो. मागे एकाचं भक्तिगीत मी मिक्स केलं, त्यानं यूट्यूबवर टाकलं आणि चार दिवसांत क्लेम. का, तर तीच बासरी वापरून दुसऱ्या कुणीतरी आख्खं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत, घातलेलं. खरं तर ज्याच्यावर तुमचा एकट्याचा हक्क नाही ते तिथे घालायचंच नसतं, पण लोक घालतात. शेवटी सुटलं ते, पण त्याची एकादशी गेली ना हातातून!! चाल आणि शब्द तुझे असतील तर त्यावर तुझा कॉपीराइट आहेच, आयुष्यभर आणि पुढे साठ वर्षं. बासरीवर नाही.

दुसरं, लूपच्या लायब्रऱ्यांमधलं 'इंडियन' फोल्डर उघडून बघा, पंजाबी ढोल मिळेल, तबला मिळेल. लावणीची ढोलकी, संबळ, हलगी, मला तरी मनासारखं अजून काही सापडलं नाही. म्हणून सगळ्यांचं 'मराठी फोक फ्यूजन' भांगड्यासारखं वाजतं 😅

रात्रीचा_मिक्सर:
दादा, ढोलकी मी लूपची वापरलीच नाहीये! तेच तर कोणी विचारलं नाही. आमच्या शेजारचे एक काका भजनी मंडळात वाजवतात, दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घरी बसवलं, खोलीत दोन गोधड्या दोरीवर टाकल्या, फोन ढोलकीच्या शाईच्या बाजूला हातभर अंतरावर उशीवर ठेवला. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिकीवर, वाजवायला सांगितलं तर म्हणाले हे घड्याळ काढ कानातून, मला मोकळं वाजवता येत नाही. मग क्लिक काढली, त्यांनी मनानं वाजवलं आणि मी नंतर आख्ख्या गाण्याचा टेम्पो त्यांच्या हाताप्रमाणे कमीजास्त केला, एका रात्रीत झालं नाही ते. तिसऱ्या गाण्यात तीच ढोलकी आहे.

काचेपलीकडचा:
मग हे आधी सांगायचंस की रे. हे काम आहे. यात सगळं काम आहे.

पेटीमास्तर:
ढोलकीबद्दल शाबासकी. तरीही एक कर. सगळे ट्रॅक म्यूट कर, नुसत्या पेटीवर, पेटी नसेल तर नुसत्या सा-पवर, तिन्ही गाणी गाऊन बघ. जिथे गाणं उभं राहील ते तुझं.

नाटकवेडी:
ही कसोटी मला पटत नाही पण. काही गाणी ठेक्यावरच उभी असतात, ठेका काढला तर लावणीतही काय उरतं सांगा.

रात्रीचा_मिक्सर:
काल रात्री केलं. पेटी नाही, तानपुऱ्याचं ॲप लावून गायलो, रूममेटला ऐकायला बसवलं, त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही म्हणून मुद्दाम.

ढोलकीचं गाणं उभं राहिलं. पहिल्याचा मुखडाही राहिला. पण पहिल्याच्या अंतऱ्यात मी वर जातच नाहीये, पंचमापर्यंत जातो आणि परत खाली, परत पंचम, परत खाली, कारण खालचा गिटारचा लूप तेवढाच चार मात्रांचा आहे आणि मी त्याच्या कुंपणातच फिरलोय. इतके महिने ऐकून मला हे दिसलं नव्हतं, रूममेट म्हणाला "हे आत्ताच गायलास ना?" आणि तो अंतरा होता.

दुसऱ्या गाण्याबद्दल बोलत नाही.

शिवणकाम मात्र अजूनही मान्य नाही मला. आणि मास्तर, अंतरा नव्याने बांधतोय, तार सापर्यंत गेलो की मुखड्यावर परत उतरायला वाट सापडत नाहीये, दोन वेगळी गाणी वाटतात. पाठवू का ऐकायला?

पेटीमास्तर:
पाठव. लूप काढून पाठव.