मैत्रिणीने अचानक बोलणे बंद केले. मनातील विचारांचे काय करावे?

प्रश्न
मी कोथरूडला राहते. महाविद्यालयापासूनची माझी जिवलग मैत्रीण गणेशोत्सवानंतर एकाएकी बोलेनाशी झाली आहे. आमचे भांडण झालेले नाही. ती फोन उचलत नाही आणि निरोप वाचूनही उत्तर देत नाही; आमच्या इतर मित्रमंडळींशी मात्र तिचे बोलणे पूर्वीसारखेच चालू आहे, त्यामुळे ती अडचणीत असेल असेही मानता येत नाही. रात्री जुनी संभाषणे वाचत मी माझी चूक शोधत बसते आणि 'मीच नकोशी आहे' इथे येऊन थांबते. हे विचार कसे थांबवावेत?

प्रतिसाद १
थांबवण्याचा प्रयत्न केला तर ते वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले आणि बंदी उठल्यावर तर अधिकच आले. त्याऐवजी विचारांसाठी संध्याकाळची एखादी वेळ नेमून द्यावी, त्या वेळी जे मनात येईल ते वहीत लिहावे, आणि रात्री तोच विचार आला की तो उद्याच्या वेळेवर ढकलावा. फोन मात्र झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा, कारण तो उशाशी असताना हे साधणे कठीण आहे.

प्रतिसाद २
मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना, तिच्याविषयीचा आपला दृष्टिकोन आणि त्यातून उद्भवणारी भावना यांत फरक केला जातो. इथे घटना एवढीच आहे की ती उत्तर देत नाही. 'मी नकोशी आहे' ही भर तुम्ही घातलेली आहे, आणि कारण कळत नसल्यामुळेच ती घालावीशी वाटते. उद्या संताप येऊन तुम्ही 'तीच स्वार्थी निघाली' असे म्हणू लागाल, तर तीही न कळलेल्या कारणाच्या जागी बसवलेली कल्पनाच असेल. दुःख होणे रास्त आहे, ते व्हायलाच हवे. त्यावरून स्वतःची किंमत ठरवणे मात्र रास्त नाही.

प्रतिसाद ३
एवढी चिकित्सा कशाला? सरळ तिच्या घरी जाऊन विचारावे. पुण्यात माणसे तोंडावर बोलतात असे म्हणतात ना!

प्रतिसाद ४
वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. न बोलण्याचा निर्णय तिने घेतलेला दिसतो, आणि दारात जाऊन उभे राहणे म्हणजे तिच्यावर उत्तराची सक्ती करणे होय. फार तर एक छोटा निरोप पाठवावा, त्यात 'काही खटकले असेल तर ऐकायला मी तयार आहे' एवढेच लिहावे, आणि त्यानंतर पुन्हा विचारू नये. सामाईक मित्रांकडून तिची खबर काढणेही बंद करावे, कारण प्रत्येक नव्या बातमीबरोबर तर्कांना पुन्हा सुरुवात होते. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर समुपदेशकाची भेट घ्यावी. शासनाच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.