मदत हवी आहे : पहिला मृत्यू सप्टेंबर १६६५, मग फेब्रुवारी १६६५ चं दफन कुठून आलं?

नमस्कार मंडळी,

मी शेफिल्डला राहते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ईम गावावर लेख लिहायला घेतलाय आणि तिथल्या चर्चच्या दफन-नोंदींत अडकलेय. (स्पेलिंग बघून आपण 'इयाम' म्हणतो, गावातले 'ईम' म्हणतात. मीही दोन वर्षं चुकीचंच म्हणत होते.)

गोष्ट थोडक्यात : डर्बीशरच्या डोंगरातलं हे गाव. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापड आलं. दमट होतं म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज विकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं आणि काही दिवसांत तो प्लेगने गेला, असं गावात सांगतात. दफन ७ सप्टेंबर १६६५. पुढच्या जूनमध्ये रेक्टर (गावच्या चर्चचे धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन आणि आधी पदावरून दूर झालेले थॉमस स्टॅन्ली, या एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनी मिळून गावाला वेशीबाहेर न जाण्यासाठी राजी केलं. बाहेरचे लोक हद्दीच्या दगडापाशी खाणं ठेवायचे. दगडाला भोकं आहेत, त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकलेली असायची.

आता अडचण. एका मित्राने नोंदींच्या नकलेचे फोटो पाठवले, त्यावरून एक्सेलमध्ये महिनावार तक्ता करतेय. तर 'जानेवारी १६६५', 'फेब्रुवारी १६६५' या तारखांखाली प्लेग झालेल्या घरांतलीच आडनावं! म्हणजे विकर्सच्या सहा महिने आधीच साथ होती? आणि १६६६ चे जानेवारी-फेब्रुवारी मात्र कोरे. आडनावं तीन वेळा तपासली.

दुसरं, मृतांचा आकडा सगळीकडे २६० च्या आसपास मिळतो, पण गावात माणसं होती किती? कुणी ३५० म्हणतं, कुणी ७००-८००. पहिला धरला तर गाव जवळजवळ संपलं, दुसरा धरला तर तिघांतला एक गेला. लेखाचा सूरच बदलतो.

तिसरं, एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने रायलीच्या शेतात पुरली. चर्चच्या आवारात नेलीच नाहीत, तर चर्चच्या वहीत नावं कशी?

— डोंगरवाट

जुनीवही :

ताई, प्लेग आधी आला नाही, वर्ष उशिरा बदललं! त्या काळी इंग्लंडात सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी १६६५ हा सप्टेंबर १६६५ च्या *नंतर* येतो. आपण शकाचा इसवी सन काढतो तेव्हा ७८ मिळवतो, पण जानेवारी ते पाडवा असेल तर ७९. तसंच हे. १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना एक वर्ष वाढवा. ही भानगड १७५२ पर्यंत चालली.

पण डोळे मिटून वाढवू नका. काही नकलाकार मूळ आकडा ठेवतात, काही गुपचूप सुधारतात, तर काही '१६६५/६६' असं दोन्ही लिहितात. मार्चचं पान काढा. महिन्याच्या मध्येच, २४ तारखेनंतर, साल बदलत असेल तर आकडे जुन्या पद्धतीचे आहेत. तक्त्यात दोन रकाने करा : वहीतलं साल आणि आपलं साल. वहीतलं पुसू नका, पुढे कुणीतरी तुम्हालाच शिव्या घालेल.

हॅनकॉकचं म्हणाल तर वही पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या वस्तीची असते, आवाराची नव्हे. माणूस पॅरिशमधला, म्हणून नोंद.

आकडेमोड :

लोकसंख्येसाठी ही वही उपयोगाची नाही. तिच्यात बाप्तिस्मा, लग्न, दफन एवढंच. जो त्या काळात जन्मला नाही, लग्न केलं नाही, मेला नाही, तो वहीत नाही. जिवंत माणसं शोधायची तर चुलीवरच्या कराची यादी बघायची. १६६२ पासून दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग होते, त्यामुळे घरं मोजता येतात. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी १६६४ ची ती यादी आणि ही वही एकत्र धरून घरवार गणित मांडलं. त्यात गाव सातशेच्या घरात निघालं. आणि सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग उंदीर-पिसवांपेक्षा माणसाकडून माणसाला, बराचसा एकाच घरात. हॅनकॉकांचे आठ दिवस त्यावरून कळतात. मी तरी ३५० छापणार नाही.

डोंगरवाट :

दोघांनाही मनापासून धन्यवाद. मार्चचं पान काढलं. चोवीसनंतर साल बदलतंय!! नकलाकाराने काही सुधारलेलं नाही.

तक्ता आता बोलायला लागला. ऑक्टोबरला पहिली उसळी, हिवाळ्यात खाली, मे महिन्यात अगदी मोजके. मेमध्ये त्यांना वाटलं असेल, सुटलो. मग जून, जुलै, आणि ऑगस्टला सत्तरच्या वर. त्यातच २५ तारखेला रेक्टरची बायको कॅथरीन. माझ्या चुकीच्या तक्त्यात तो मे दिसतच नव्हता.

३५० काढून टाकलेत. आता मॅटलॉकच्या रेकॉर्ड ऑफिसला फोन करून प्रत बघायची वेळ ठरवणार आहे. सतराव्या शतकातलं अक्षर मला मोडीइतकंच येतं, म्हणजे शून्य. ते वाचणारं कुणी शेफिल्ड-डर्बीच्या आसपास असेल तर कळवा. गाडीत दोन जागा आहेत, डबा मी आणते.