पार्कमध्ये अपघात झाला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी काय केलं? तुमचे अनुभव सांगा

उंबरठा:

गेल्या मे महिन्यात आम्ही लेकीला घेऊन वॉटर पार्कला गेलो होतो. ती नऊ वर्षांची. ट्यूबच्या स्लाइडवरून येताना शेवटच्या वळणावर ट्यूब उलटली आणि हनुवटी कडेला आपटून फुटली. मी वरच्या मचाणावर रांगेत उभी, नवरा पलीकडच्या तलावात. म्हणजे पहिलं मिनिटभर ती आमच्यापैकी कुणाच्याच हाती नव्हती. तिच्यापाशी होता खालच्या तलावातला लाइफगार्ड, फार तर वीस-एकवीस वर्षांचा मुलगा.

मी वरून पाहत होते. त्याने आधी जोरात शिट्टी मारली, दोन्ही हातांची डोक्यावर फुली करून वर ट्यूब सोडणाऱ्या कर्मचारी मुलीला दाखवली, आणि मगच लेकीकडे वळला. तेव्हा मला भयंकर राग आला होता, आधी पोरीला उचल ना! माझ्यापुढची ट्यूब सुटायच्या बेतात होती, ती वरच्या मुलीने पाय आडवा घालून धरली, हे मला घरी आल्यावर आठवलं. ती सुटली असती तर दोन मोठी माणसं थेट लेकीच्या अंगावर गेली असती.

त्याने तिला उभं केलं नाही. पाण्यात गुडघे टेकून तिचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं, बोटं हलव म्हणाला, शाळा कुठली, मैत्रीण कोण, विचारत राहिला. मी पोचेपर्यंत ती रडायची थांबली होती.

मग प्रथमोपचाराची खोली. नर्सताईंनी जखम धुतली, दाबून धरायला गॉज दिला, टाके घालायला पार्कच्याच गाडीने दवाखान्यात पाठवायचं ठरलं. निघताना एक गृहस्थ आले आणि त्यांनी एक इंग्रजी कागद पुढे केला. मजकुराचा अर्थ असा, की चूक आमची आहे आणि आमची पार्कविरुद्ध तक्रार नाही. माझ्या ओढणीला रक्त लागलेलं, गाडी सुरू होऊन उभी. मी सही केली. चार टाके पडले.

एकाच ठिकाणी, अर्ध्या तासाच्या आत मला हे दोन्ही दिसलं. ते डोक्यातून जात नाही. तुम्हाला पार्कमध्ये, जत्रेत, पोहण्याच्या तलावावर काय अनुभव आला? आणि कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर त्यांनी जरूर लिहा, कारण त्यांची बाजू आपल्याला कधी कळतच नाही.

खोपोली लोकल:

मी दोन वर्षं एका पार्कात राइड ऑपरेटर होतो. नाव सांगत नाही. तुमच्या त्या मुलाने केलं ते शंभर टक्के बरोबर. आम्हाला पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं: आधी थांबव, मग धाव.

आमचा दिवस फाटक उघडायच्या बराच आधी सुरू व्हायचा. मेंटेनन्सवाले रुळावरून चालत जाऊन बोल्ट, चाकं, साखळी बघणार. मग रिकाम्या फेऱ्या. मग त्यांची सही, मग आमची सही. त्या कागदाशिवाय राइड सुरू नाही. पाहुणे बसले की प्रत्येकाच्या खांद्यावरचा हार्नेस, म्हणजे माणसाला जागेवर धरून ठेवणारा दांडा, आधी खाली ढकलायचा, मग वर ओढायचा. नुसता बघून चालत नाही, हात लावायचा. दोन्ही बाजूंच्या मुलांनी अंगठा दाखवल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

लोकांना वाटतं लाल बटण दाबलं की गाडी जागच्या जागी थांबते. रोलर कोस्टरला मोटारीसारखे ब्रेक नसतात, ते रुळावर ठरावीक ठिकाणी बसवलेले असतात. बटण दाबलं तरी गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत जाणारच. म्हणून चढावर, साखळीवर असतानाच काय ते ठरवावं लागतं. तिथे थांबवली तर शेजारच्या जिन्यावरून चढायचं, एकेकाचा हार्नेस हाताने सोडवायचा आणि एकेकाला धरून खाली आणायचं. उन्हात, भेदरलेल्या माणसांना. यात अर्धा तास सहज जातो.

एकदा मी अशी गाडी थांबवली. तिसऱ्या रांगेतल्या बाईंची ओढणी बाजूने बाहेर लोंबताना दिसली. बसवताना मीच त्यांना ती पिशवीत ठेवायला लावली होती, बहुतेक त्यांनी पुन्हा काढून गळ्यात घेतली. चोवीस जणांना जिन्यावरून उतरवलं. खाली रांगेत आरडाओरडा, पैसे परत द्या, एकाने माझी कॉलर धरली. संध्याकाळी सुपरवायझरने विचारलं, "एवढ्याशासाठी?" मी रात्रभर विचार करत होतो, की खरंच एवढ्याशासाठी का. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचे मोठे साहेब राइडवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, परत दिसली तर परत थांबव. ते तसं म्हणाले नसते तर पुढच्या वेळी माझा हात बटणावर गेला असता की नाही, मी सांगू शकत नाही.

कातरवेळ:

मी शिक्षिका आहे. मला लिहायचंय ते माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल.

सहावीची सहल होती. एका मुलाची उंची राइडच्या पट्टीपेक्षा दोन बोटं कमी भरली. बाकी सगळे मित्र आत गेले, तो रडवेला. मी त्या गेटवरच्या मुलीशी हुज्जत घातली. दोन बोटांनी काय होतं, मी शिक्षिका आहे, माझी जबाबदारी. ती म्हणाली, "मॅडम, हार्नेस त्याच्या खांद्यावर बसत नाही, तो खालून सरकेल. तुमची जबाबदारी मला घेता येत नाही." मी तिच्या वरिष्ठांना बोलवायला लावलं. तेही नाही म्हणाले.

वर खोपोली लोकल यांचं वाचून तिचा चेहरा आठवला. ती मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती.

सोलापुरी:

मी लाइफगार्ड आहे, अजूनही. जीवरक्षकाचं प्रशिक्षण पुण्यात राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीचं केलं.

बुडणारा माणूस ओरडत नाही. हात वर करून वाचवा वाचवा करत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं, श्वास घेतो, परत खाली. बाजूचे लोक हसत-खेळत असतात आणि त्यांच्या मध्ये एक जण शांतपणे जात असतो. म्हणून आम्हाला १०-२० चा नियम असतो: दहा सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा आणि काही दिसलं तर वीस सेकंदांत तिथे पोचायचं. हा नियम पाळायचा तर खुर्चीवरच्या माणसाला वारंवार बदललं पाहिजे, डोक्यावर सावली पाहिजे. सगळीकडे ते असतं असं नाही. मी एका ठिकाणी भर एप्रिलमध्ये सलग तीन तास बसलोय. तीन तासांनंतर डोळे पाण्यावर असतात, पण दिसत काही नाही.

वेव्ह पूलमध्ये लाट सुरू व्हायची घंटा झाली की गर्दी खोल बाजूला धावते. जीन्स घालून उतरलेले लोक लवकर थकतात, त्यांना बाहेर काढताना आमचेही हात भरून येतात. एका रविवारी खोल बाजूच्या भिंतीलगत एक माणूस पालथा दिसला. लांब शिट्टी, लाट बंद, उडी. काठावर आणला तेव्हा श्वास नव्हता. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो, नुसती छाती दाबून भागत नाही, कारण त्याला हवाच मिळालेली नसते. माझा जोडीदार छाती दाबत होता, मी श्वास देत होतो, आणि चहूबाजूंनी मोबाइल. आमच्या पोरांनी ट्यूब आणि चटया उभ्या धरून भिंत केली. त्याची बायको त्या भिंतीच्या आत आमच्याजवळ बसली होती. तिला बाहेर काढायला एक साहेब आले, मी हात करून थांबवलं.

तो वाचला. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी गेला. पार्कने आम्हाला बक्षीस दिलं, पण त्या रात्री आम्हाला कुणी घरी सोडायला आलं नाही. बोलायलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याच खुर्चीवर.

वडाची पारंबी:

सोलापुरी, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझा अनुभव छोटासाच. एका राइडवरून उतरल्यावर मानेत कळ आली, तिथल्या मुलाला सांगितलं तर "पहिल्यांदा होतं असं, काही नसतं." बरं, नसेलही. पण नोंद करा म्हटलं तर वही नाही. घरी येऊन दोन ईमेल केले, उत्तर नाही. पंधरा दिवस पट्टा घालावा लागला.

ब्रिस्बेनवासी:

मी ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टपासून तासाभरावर राहते. इथे २५ ऑक्टोबर २०१६ हा दिवस कुणी विसरलेलं नाही. ड्रीमवर्ल्ड पार्कमधली थंडर रिव्हर रॅपिड्स ही राइड, म्हणजे कृत्रिम नदीतले गोल तराफे. प्रत्येकात सहा माणसं. शेवटी पाण्यातून बाहेर काढणारा सरकता पट्टा. त्या दुपारी पाण्याचा पंप बंद पडला, पातळी उतरली, एक रिकामा तराफा पट्ट्याच्या तोंडाशी लोखंडी रुळांवर अडकून बसला. मागून माणसांनी भरलेला तराफा पट्ट्यावरून आला आणि त्याच्यावर आदळून उभा झाला. चार जण गेले. दोन लहान मुलं वाचली.

नंतरची चौकशी मी रोज वाचत होते. तो पंप त्याच दिवशी आधी दोनदा बंद पडला होता, दोन्ही वेळा पुन्हा सुरू करून राइड चालू ठेवली होती. माणसं उतरवायच्या जागी जी कर्मचारी होती, तिचा त्या राइडवरचा पहिलाच दिवस. सकाळी थोडा वेळ प्रशिक्षण मिळालेलं. तिच्या हाताशी एक बटण होतं, ते दाबलं असतं तर पट्टा दोन सेकंदांत थांबला असता. तिने साक्षीत सांगितलं, की त्या बटणाची काळजी करू नकोस, ते कुणी वापरत नाही, असं तिला शिकवताना सांगितलं होतं.

२०२० मध्ये कॉरोनरचा, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल आला. वर्षानुवर्षांची दुरुस्ती, नोंदी, प्रशिक्षण, सगळ्यावर ताशेरे होते. त्याच वर्षी कंपनीला ३६ लाख डॉलर दंड झाला. क्वीन्सलँडने कामाच्या ठिकाणच्या निष्काळजी मृत्यूंसाठी नवा फौजदारी कायदा २०१७ मध्येच केला होता.

मी शिकत असताना एका वेगळ्या पार्कात सुट्टीतली कामं करायचे. मला तासाचे पैसे मिळायचे आणि एका दिवसात तीन राइड "शिकवल्या" जायच्या. म्हणून त्या मुलीकडे बोट दाखवायला माझं मन कधी धजलं नाही.

यंत्रतंत्र:

मी यांत्रिकी अभियंता, काही वर्षं पाळण्यांची तपासणी केली आहे. आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस १५४७५, खास मनोरंजनाच्या राइड्ससाठी. पण मानक असणं आणि गावच्या मैदानात त्याप्रमाणे पिन तपासली जाणं यात खूप अंतर आहे.

अहमदाबादला कांकरियाच्या बालवाटिकेत १४ जुलै २०१९ ला लंबकासारखा झुलणारा पाळणा मधूनच तुटून खाली आला. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून अधिक जखमी. अशा राइडमध्ये प्रत्येक झोक्याला दांड्यावरचा ताण उलटसुलट होतो, आणि भेग असेल तर ती आतून केसागणिक वाढत जाते. डोळ्यांना दिसत नाही. रंग लावला की अजिबातच दिसत नाही. ती शोधायला अल्ट्रासाउंड किंवा भेगेत मुरणारी डाय लावून चाचणी करावी लागते. तिथे बटणाशी बसलेला पोरगा कितीही दक्ष असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त वेगळा आवाज. माझं एवढंच म्हणणं, त्याने "आज आवाज वेगळा येतोय" म्हटलं तर त्या दिवसापुरती राइड बंद ठेवा. मी पाहिलेल्या निम्म्या दोषांचा पत्ता मला हेल्परांनीच दिला आहे.

कृष्णाकाठ:

आमच्या जत्रेत सात-आठ वर्षांपूर्वी आकाशपाळणा वरच्या बाजूला अडकला. इंजिन बंद पडलं. वरच्या डब्यात एक बाई आणि तान्हं मूल. पाळणेवाल्याच्या माणसांनी आधी खालचे डबे रिकामे केले नाहीत. का, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर त्यानेच सांगितलं, की एका बाजूचं वजन कमी केलं तर चाक आपोआप फिरतं. मग समोरासमोरचे डबे हिशेबाने, दोरीने हळूहळू ओढत एकेक खाली आणले. सव्वा तास लागला. त्या सगळ्या वेळात एक म्हातारा कामगार खालून त्या बाईशी बोलत होता. "ताई, खाली बघू नका, पोराकडं बघा." त्याच्या अंगात बनियन, पायात काही नाही. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

काळा कोट:

उंबरठा, तुमच्या त्या सहीबद्दल. सही केली म्हणून पार्कच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. मूल जखमी असताना, वाचायला वेळ न देता घेतलेला कागद किती टिकेल हाही प्रश्नच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, मुदत दोन वर्षं. तिकीट, दवाखान्याची कागदपत्रं, जखमेचे फोटो जपून ठेवा. आणि बाकीच्यांसाठी: प्रथमोपचार खोलीत नोंद करायला लावा, तिचा फोटो काढा, कुठलाही कागद "नंतर वाचून देते" म्हणून बाजूला ठेवा. दवाखान्यात डॉक्टरांना दुखापत कुठे आणि कशी झाली हे स्पष्ट सांगा, ते केसपेपरवर येतं.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मला भांडायचं नाहीये, पण तो कागद मी विसरणार नाही, पार्कला तसं लेखी कळवते आहे. त्या मुलालाही शोधलं. फोनवर म्हणाले, तो सीझनपुरता होता, जूनमध्ये गावी गेला, पुन्हा येईल की नाही माहीत नाही.

खोपोली लोकल:

ताई, तरीही लिहून द्या. तोंडी नको. स्लाइडचं नाव, तारीख, वेळ, त्याने शिट्टी मारली, हाताने फुली केली, डोकं धरून ठेवलं, सगळं. वरच्या मुलीचंही लिहा, ट्यूब तिने अडवली. आमच्याकडे पाहुण्यांची लेखी शाबासकी फाइलला लागायची आणि पुढच्या सीझनला घेताना ती बघायचे.

उंबरठा:

आज दोन्ही पत्रं टाकली, तक्रारीचं वेगळं आणि त्या दोघांचं वेगळं. वेळ नक्की आठवत नव्हती. लेकीने सांगितली, अकरा चाळीस. त्याने तिला विचारलं होतं म्हणे, समोरच्या घड्याळात किती वाजलेत सांग.