पीयूसी पास, तरी पेट्रोलचा वास

भाऊ, गाडीला पेट्रोलचा वास येतोय ना, मग पीयूसी पास झाली म्हणून वाफेची सिस्टीम (टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता इंजिनात जाळायला नेणारी) ठीक आहे असं समजू नका, तिथे फक्त सायलेन्सरचा धूर मोजतात, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ किती होत असेल बघा. आधी टाकीच्या झाकणाचं रबर चेक करा. मग पर्ज व्हॉल्व्हचं (ही वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) वायरचं कनेक्शन काढून इंजिन आयडलला ठेवा, कॅनिस्टरकडच्या (वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) तोंडाची नळी काढून तिथे बोट लावा, ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर स्टार्टिंगला त्रास देत असेल तर संशय त्याच्यावरच. नंतर स्मोक टेस्ट (सिस्टीममध्ये धूर सोडून गळती कुठे ते बघणं), पण टायरच्या कंप्रेसरची हवा अजिबात मारू देऊ नका, याला १ पीएसआयच्या आतलंच प्रेशर लागतं. आणि नोझल कट झाल्यावर वरून राउंड फिगर करणं बंद करा, कॅनिस्टरच्या कोळशात पेट्रोल गेलं की तो कामातून गेला.