जेटीवर डोक्यावरून गळ फेकणं बंद करावं का?

खाडीकाठचा:
मागच्या रविवारी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर घडलेलं आधी सांगतो. संध्याकाळचे साडेपाच, भरती चढत होती, कठड्याला खांद्याला खांदा लावून गळाने मासे गरवणारे. त्यांच्या मागून फिरायला आलेली माणसं, पोरं, सायकली. माझ्यापासून तिसरा एक तरुण, हातात नवाकोरा दहा फुटी रॉड. मागे वळून न बघता त्याने रॉड खांद्यामागे नेला आणि दणकून फेकला. दोरीला बांधलेलं वजनाचं शिसं पुढे गेलंच नाही. गरी, म्हणजे गळाचा आकडा, मागून चाललेल्या एका ताईंच्या ओढणीत रुतली, हिसका बसला आणि त्यांच्या हातातला भेळेचा पुडा कठड्यावरून थेट पाण्यात. ताई गळा चाचपत उभ्या. चार बोटांवरून गेलं. खाली कुरमुऱ्यांवर बोयटांची झुंबड उडाली. त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त मासे त्या भेळेनेच जमवले, पण तेव्हा हसायचं कोणाला सुचलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. शनिवार-रविवारी ४ ते ८ या वेळात जेटीवर डोक्यावरून फेक नको. खालून झुलवून सोडा, नाहीतर कठड्याशी सरळ खाली सोडा. आणि माणशी एकच काठी. कोणाची हरकत?

कार्बन_रॉड:
माझी आहे. आम्ही पुण्याहून रात्रभर गाडी हाकत येतो ते कठड्याखाली दोरी लोंबकळत ठेवायला नव्हे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जेटीच्या बुडाशी पाणी उथळ होतं, मासा लांब सरकतो. चाळीस-पन्नास मीटर गेल्याशिवाय काय मिळणार, खेकडे? दोष फेकीचा नाही, फेकणाऱ्याचा. मागे बघायचं, आवाज द्यायचा, मग फेकायचं. एका येड्याने ओढणी फाडली म्हणून सगळ्यांना बेड्या का?

आणि धोका फक्त मागे नसतो. बारीक ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोरीला, ८०-१०० ग्रॅमचं शिसं बांधून जोर लावला की फेकीच्या मध्येच दोरी तुटते आणि शिसं गोफणीतल्या दगडासारखं सुटतं. कुठे जाईल नेम नाही. म्हणून पुढे जाड नायलॉनचा तुकडा लावतात, शॉक लीडर. ढोबळ हिशेब असा की शिशाच्या दर औंसाला १० पौंडांची ताकद. १०० ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणजे ३५ पौंडांचा लीडर, आणि फेकताना त्याचे पाच-सहा वेढे रीलवर हवेत. हे शिकवा ना लोकांना.

तंगूस_आणि_शिसं:
वा, आता गरवायला गणिताचा पेपर द्यायचा! माझे वडील हाताने गरवायचे, मीही हातानेच गरवतो. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिसं, दोन गऱ्या, कोळंबीचा तुकडा, संपलं. रॉडवाले आले तशी भांडणं आली. एकेकाचे तीन-तीन रॉड कठड्याला टेकवलेले, मध्ये बादली ठेवून जागा धरलेली आणि साहेब गाडीत गाणी ऐकत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची ही रीत जेटीवर कोणी आणली? मासा लागला की रॉड कठड्यावर आपटत राहतो आणि साहेबांना हाक मारायला आम्ही.

खाडीकाठचा:
तंगूसदादा, बादलीचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही लांब टाकताना काय करता? शिसं डोक्याशेजारी तीन वेळा गरगर फिरवता आणि सोडता. ते शिसं आणि त्याखालच्या दोन उघड्या गऱ्या मागच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवरूनच फिरतात. रॉडचं टोक निदान दिसतं तरी.

तंगूस_आणि_शिसं:
फिरवतो, पण हाताभर दोरीवर फिरवतो. मागे कोण आहे ते पाठीला कळतं.

सकाळसंध्याकाळ:
पाठीला कळतं म्हणे! मी गरवणारी नाही, रोज जेटीवर चालायला येणारी. तुमच्या दोघांच्या भांडणात आम्ही कुठेच नाही, आमची फक्त ओढणी आहे. गेल्या पावसाळ्याआधी माझ्या मिस्टरांचा पाय तुमच्यापैकी कोणीतरी टाकून दिलेल्या शेंगटीवर, त्या काटेवाल्या माशावर, पडला. काटा स्लीपरच्या तळातून आरपार. पाऊल तासाभरात सुजून पावासारखं झालं, रात्रभर ठणका. तीन रुपयांची नको असलेली मासळी परत पाण्यात सोडायला काय जातं? माझ्या मते जेटीवर गरवणंच बंद करावं. खडपावर जा की.

कार्बन_रॉड:
ताई, शेंगटीचं वाईट झालं, पण खडपावर जा हा सल्ला मागे घ्या. शेवाळलेल्या कातळावर भरतीच्या वेळी जाऊन माणसं जिवानिशी जातात. वारा पडलेला असतो, समुद्र तेलासारखा दिसतो आणि हजारो किलोमीटरवरच्या वादळाची लांब लाट अचानक वर चढते. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते, ते बघून गेलं पाहिजे. जेटीला कठडा आहे म्हणून तर इथे येतो.

डॉक्टर_नाही_कंपाउंडर:
काट्याबद्दल एक. शेंगटीला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना. विष असतं ते उष्णतेने मोडतं. जखम धुवायची आणि पाऊल सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं. पोळेल असं पाणी नको, दुसऱ्या माणसाने हात घालून बघावं, कारण दुखणाऱ्याला गरमपणा कळत नाही. बर्फ लावू नका. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

गरी रुतली तर आली तशी उलटी खेचू नका, तिला उलटा काटा असतो, मांस फाडून येते. तोंडाजवळ, डोळ्याजवळ रुतली असेल तर हातच लावायचा नाही, तंगूस कापून तशीच दवाखान्यात आणायची. आमच्याकडे एक जण आला होता तो गरीला लटकलेल्या कोळंबीसकट.

मांडवी_दुसरी:
मी पणजीची, आमची मांडवी वेगळी, ती नदी. रायबंदरच्या जुन्या बांधावरून लोक गरवतात, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला तो रस्ता. पाठीमागे गाड्या पळत असतात, डोक्यावरून फेकायला जागाच नाही. तरी लोक मासे नेतात. बाजूने खालून झुलवायचं, बस. गर्दीत लांब फेकणं ही गरज कमी आणि हौस जास्त, असं माझं मत झालंय.

सातासमुद्रापार:
लॉस एंजेलिसहून. इथे सांता मोनिकाच्या पिअरवर, म्हणजे जेटीवर, डोक्यावरून फेकायला सरळ मनाई आहे, पाटीच आहे. कॅलिफोर्नियात सार्वजनिक पिअरवरून गरवायला परवाना लागत नाही, पण माणशी दोनच दोऱ्या. पहिल्याच दिवशी मी सवयीने रॉड मागे नेला तर शेजारच्या म्हाताऱ्या फिलिपिनो आजोबांनी रॉडचं टोक हवेतच धरलं. एक शब्द नाही. नुसतं पाटीकडे बोट. त्यानंतर मी त्यांच्याकडूनच खालून फेकायला शिकलो.

कार्बन_रॉड:
तिकडे पाटी लावतात, इकडे पाटीवर गुटख्याची पिंक पडते.

मालवणी_खाजा:
मी मालवणचो. आमच्याकडे किल्ल्याची होडी जेटीक लागता तेव्हा सगळे तंगूस वर. कोणाक सांगूक लागणा नाय. तुमच्याकडे पाटी कित्याक व्हयी?

खाडीकाठचा:
कारण तुमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात, खाजाभाऊ. आमच्याकडे रविवारी अर्धे अनोळखी. परवाचाच गुंता सांगतो. उजवीकडच्या एकाने शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवरून तिरकी फेक मारली, ओढ खाडीच्या तोंडाकडे होती, पंधरा मिनिटांत पाच जणांच्या दोऱ्यांची वेणी. तेवढ्यात एका आजोबांना तांबोशी लागली. नुसतं ‘लागला’ ओरडल्यावर आजूबाजूच्यांनी दोऱ्या गुंडाळून वाट द्यायची असते, पण वेणी कोण सोडवणार? प्रत्येक जण आपापल्या बाजूला ओढतोय. शेवटी कोणीतरी चाकू काढला आणि कापली ती नेमकी आजोबांची दोरी. आजोबा काही बोलले नाहीत. उरलेलं तंगूस बोटांवर गुंडाळलं, खिशात घातलं आणि घरी गेले. तिरकी फेकणारा मात्र अजून ‘माझी ब्रेड महागाची आहे’ हेच सांगत होता.

तंगूस_आणि_शिसं:
ते आजोबा माझे काका. दोन दिवस जेवताना तीच तांबोशी. तिचं वजन रोज वाढतंय.

सकाळसंध्याकाळ:
काकांचं ऐकून वाईट वाटलं. बंदीचं मागे घेते, पण ४ ते ८ वर ठाम. आणि ते फुगणारे केंड मासे कठड्यावर वाळत टाकता ना, तेही बंद. त्याचं विष शिजवूनही जात नाही, जेटीवरची कुत्री तेच हुंगत फिरतात.

कार्बन_रॉड:
बरं, तिरकी फेक आणि बादली यावर मी तुमच्या बाजूने. माणशी एक काठी, तीही चालेल. पण डोक्यावरून फेक पूर्ण बंद मान्य नाही. जेटीचं टोक आम्हाला सोडा, तिथून मागे कोणी चालत नाही.

खाडीकाठचा:
टोकाला सेल्फीवाले असतात.

कार्बन_रॉड:
मग मागे बघायला एक माणूस ठेवू. येत्या रविवारी येतोय.

खाडीकाठचा:
या. पण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, येत्या रविवारी संध्याकाळी सुकती असेल. पाणी लांब, म्हणजे तुम्ही जोर लावून फेकणारच. मी मागे उभा राहतो. हेल्मेट घालून.

तंगूस_आणि_शिसं:
काकांनाही आणतो. त्यांना रॉडचं टोक हवेत धरायला शिकायचंय.